आजीला खोटं सांगितलं, चाललं का?

मी गोरेगावचा, मुंबईच्या नव्हे, हिंगोलीच्या. गेल्या महिन्यात आजीचा रिपोर्ट वाईट आला आणि मी तिला फोनवर म्हणालो, "सगळं नॉर्मल आहे." मग ख्रिस्ती मित्राला विचारलं, तुमच्यात असं खोटं चालतं का?

तो म्हणाला, बायबलमध्येच पेच आहे. निर्गमच्या पहिल्या अध्यायात सुइणी बाळं वाचवायला इजिप्तच्या राजाला थाप मारतात, आणि देव त्यांचं भलं करतो. संत ऑगस्टीन म्हणतात, बक्षीस दयेचं, खोट्याचं नाही. 1883 मध्ये ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईही पुढे विधवांना सोडवायला वेश बदलून वृंदावनात गेल्या.

या सगळ्यांनी धोका स्वतःवर घेतला, दुसऱ्याला वाचवलं. मी फक्त अवघड बोलणं टाळलं. रविवारी गावी जाऊन आजीला खरं सांगतो.