रोमच्या मठात थांबलेलं युद्ध

मोझांबिकमध्ये १९७७पासून फ्रेलिमोचं सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांच्यात यादवी पेटली होती. सुमारे दहा लाख माणसं गेली, त्यातली कितीतरी उपासमारीने. जुलै १९९०मध्ये दोन्ही बाजू बोलायला बसल्या त्या रोममधल्या त्रास्तेवेरे भागातल्या जुन्या मठात. यजमान होती सांत एजिदिओ ही कॅथलिक संघटना. मध्यस्थ चौघे : संघटनेचे आंद्रेआ रिकार्दी व मात्तेओ झुप्पी, बैराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हिस आणि इटली सरकारतर्फे मारिओ राफाएल्ली. संघटनेच्या हाती ना सैन्य, ना तिजोरी. बंडखोरांचा विश्वास बसला तो बहुधा त्यामुळेच. अकरा फेऱ्या, सत्तावीस महिने. अखेर ४ ऑक्टोबर १९९२ला राष्ट्राध्यक्ष चिसानो आणि रेनामोचे नेते धलाकामा यांनी सह्या केल्या. करार टिकला याचं श्रेय संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेलाही द्यायलाच हवं. तीत भारतीय जवानही होते. ऑक्टोबर १९९४मध्ये मतदान झालं.