आधी चर, मग जिप्सम

१९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. काळ्या रानाला पाटपाणी भरपूर मिळाले, निचरा मात्र झाला नाही. भूजल वर आले, सोबत क्षारही आले. राहुरी, श्रीरामपूरकडे अनेक रानांवर पांढरा थर चढला.

शेतकरी बंधू-भगिनींनो, अशी जमीन मोडीत काढू नका. प्रथम माती तपासून घ्या. खारवट असेल तर चर काढून गोड्या पाण्याने क्षार धुवावेत. सामू साडेआठच्या वर, म्हणजे चोपण असेल, तर चर काढूनच जिप्सम मिसळावे, धैंचा गाडावा. निचऱ्याविना जिप्समचा पैसा वाया जातो.

पण चर ओढ्याला मिळायचा तर शेजाऱ्याच्या रानातूनच जाणार. तेव्हा सर्वांनी एकत्र बसून ठरवावे.