कुळाचा शोध आणि मिरजेचे दप्तर

मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) पटवर्धन घराण्याच्या मोडी दप्तरात शिरले आणि हयातभर त्यात रमले; त्यातूनच ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड निघाले. स्वतःच्या कुळाच्या शोधाचेही असेच वेड लागते, कारण त्याला तळ नाही: दहाव्या पिढीपर्यंत मागे गेले, की पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात. हा जातीचा पोकळ अभिमान, असा आक्षेप घेतात. फक्त थोर पुरुष वेचले तर तो खराच. पण कर्जखते, वाटणीपत्रे, तीर्थोपाध्यायांच्या वह्या नीट वाचल्या, तर भाऊबंदकी आणि ओढगस्तही समोर येते. अभिमान ओसरतो, माणसे उरतात. त्या हजारांत निम्म्या बायका, आणि जुन्या वंशावळींत बहुधा त्यांची नावेच नाहीत! माळ्यावरचे मोडी रुमाल रद्दीत घालू नका. आजीला तिच्या आईचे माहेर आजच विचारून लिहून ठेवा.