जुगारयंत्रांची बोली आणि गल्ल्याचा हिशेब

लास व्हेगासमधील ‘स्टारडस्ट’ या कॅसिनोवर १९७६ साली नेवाडा राज्याच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाने छापा घातला, तेव्हा एक अत्यंत साधी युक्ती उघडकीस आली. स्लॉट मशीनमध्ये जमलेली नाणी त्या काळी एकेक करून मोजण्याऐवजी काट्यावर तोलली जात आणि वजनावरून रकमेचा हिशेब मांडला जाई. हा काटाच वजन कमी दाखवील अशा बेताने लावून ठेवलेला होता. काट्याने न दाखवलेली नाणी वहीत चढण्यापूर्वीच बाजूला निघत आणि त्यांच्यावरील करही बुडे. अपहाराची रक्कम सुमारे ७० लाख डॉलर असावी, असा अंदाज वर्तवला गेला.

आज कॅसिनोतून नाणी जवळजवळ हद्दपार झाली आहेत. नोटा यंत्र स्वतःच वाचते, जिंकलेली रक्कम छापील चिठ्ठीवर येते आणि हिशेबाचे आकडे तारांमधून मध्यवर्ती संगणकाकडे जातात. काटा गेला, परंतु काट्याचा प्रश्न गेला नाही. यंत्राने सांगितलेला आकडा कोणत्या भाषेत सांगितला, ती भाषा कोणाच्या मालकीची आणि ती वाचण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न आता त्या जागी उभे आहेत. जुगारयंत्रांसाठी खुली संवादमानके तयार करण्याचा गेल्या पाव शतकातील खटाटोप या प्रश्नांभोवतीच फिरतो.

यंत्र काय मोजते?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने ‘लिबर्टी बेल’ हे तीन चक्रांचे यंत्र बनवले. ते पूर्णतः यांत्रिक होते. आपल्या पेटीबाहेरील जगाशी त्याचा काही संबंध नव्हता. आजचे स्लॉट मशीन हा एक संगणक आहे. त्याच्या स्मृतीत अनेक गणक अखंड चालू असतात. एकूण किती रकमेचे डाव लावले गेले, किती रक्कम जिंकली गेली, किती नोटा आत आल्या, किती डाव झाले, दार किती वेळा उघडले, यांची स्वतंत्र नोंद होते. वीज गेली तरी हे आकडे पुसले जाऊ नयेत, अशी व्यवस्था केलेली असते.

यांतील दोन गणकांमधला भेद विशेष महत्त्वाचा आहे. समजा, एखाद्याने यंत्रात हजार रुपये घातले. तो दहा-दहा रुपयांचे डाव लावत राहिला, मधूनमधून जिंकला आणि जिंकलेले पैसे पुन्हा डावावर लावले, तर त्याने लावलेल्या डावांची एकूण बेरीज चार हजारांवरही जाऊ शकते. प्रत्यक्षात त्याच्या खिशातून हजारच गेले आहेत. यंत्राने केवळ ‘आकडा’ कळवला आणि तो आकडा कशाचा, हे सर्वांना एकाच अर्थाने ठाऊक नसले, तर कर आणि नफ्याचे सारे गणितच कोलमडेल. म्हणूनच संवादाच्या मानकात संदेश कसा पाठवावा याच्याबरोबरच प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थही बांधून दिलेला असतो.

एकाच दालनात अनेक भाषा

यंत्रे एकमेकांना जोडण्याची निकड प्रथम मोठ्या बक्षिसांमुळे भासली. ‘आयजीटी’ या कंपनीने १९८६ साली ‘मेगाबक्स’ हा खेळ आणला. नेवाडातील निरनिराळ्या कॅसिनोंमधली यंत्रे त्यात दूरध्वनीच्या तारांनी जोडलेली होती आणि प्रत्येक डावातील अल्पसा भाग सामाईक बक्षिसात जमा होत असे. वाढत वाढत २००३ साली या खेळातील एक बक्षीस ३ कोटी ९० लाख डॉलरच्या पुढे गेले होते.

हे सर्व एकाच कंपनीच्या यंत्रांपुरते होते, तोवर ठीक होते. पण कॅसिनोच्या दालनात चार-पाच कंपन्यांची यंत्रे शेजारी शेजारी उभी असतात आणि प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीची भाषा घडवलेली होती. परिणामी यंत्राच्या पोटात आणखी एक लहानसा मंडल-फलक बसवावा लागे. तो एखाद्या दुभाष्याप्रमाणे यंत्राचे बोलणे ऐकून मध्यवर्ती संगणकाला समजेल अशा भाषेत सांगत असे. यंत्र बदलले की दुभाष्याची आज्ञावली बदला, संगणकप्रणाली बदलली की सगळेच दुभाषे बदला, असा हा व्याप होता.

या गोंधळातून ‘सॅस’ ही आयजीटीची भाषा हळूहळू सर्वमान्य झाली. तिची रीत शाळेतल्या हजेरीसारखी आहे. मध्यवर्ती बाजू प्रत्येक यंत्राला त्याच्या क्रमांकाने हाक मारते. हाक आली की यंत्र उत्तर देते. विशेष काही घडले नसेल तर तसे सांगते. दार उघडले, नोट अडकली किंवा मोठे बक्षीस लागले, तर ती घटना कळवते. संदेशांचा वेग सेकंदाला १९,२०० बिट्स, म्हणजे आजच्या मानाने मुंगीच्या पावलांचा. पण आकडे पोहोचवायला तो पुरेसा होता आणि इतर उत्पादकांनीही ही भाषा स्वीकारली.

नाण्यांची जागा घेणाऱ्या चिठ्ठ्यांची पद्धत २००० नंतर झपाट्याने पसरली, तीही अशा सामाईक भाषेमुळेच. खेळणारा उठताना यंत्र बारकोड असलेली चिठ्ठी छापते आणि तिचा क्रमांक व रक्कम मध्यवर्ती संगणकात नोंदली जाते. ती चिठ्ठी दुसऱ्या यंत्रात सरकवली की ते यंत्र आधी विचारते, ‘हा क्रमांक खरा आहे काय? रक्कम किती? ती आधी कोणी घेतली तर नाही?’ होकार मिळाल्यावरच पैसे खात्यात चढतात आणि चिठ्ठी बाद होते. पहिले यंत्र एका कंपनीचे आणि दुसरे तिच्या प्रतिस्पर्ध्याचे असले, तरी हा व्यवहार काही क्षणांत बिनबोभाट पार पडतो. एका बँकेच्या कार्डावर दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे निघतात, त्यामागेही संदेशांचे असेच एक आंतरराष्ट्रीय मानक उभे आहे.

मालकीकडून सामाईकतेकडे

तथापि, सॅसच्या दोन मर्यादा होत्या. एक तर ती एका बलाढ्य उत्पादकाच्या घरात जन्मलेली भाषा होती. तिच्यात कोणता शब्द केव्हा वाढवायचा, हे प्रतिस्पर्ध्यांच्या हाती नव्हते. दुसरे म्हणजे तिच्या मूळ रचनेत संदेश गुप्त राखण्याची सोय नव्हती. तारा कॅसिनोच्या भिंतीआड सुरक्षित आहेत, या गृहीतकावर ती उभी होती.

यावर उपाय म्हणून उत्पादकांनी १९९८ साली एक संघटना स्थापन केली. ती पुढे ‘गेमिंग स्टँडर्ड्स असोसिएशन’ या नावाने ओळखली गेली आणि आता तिच्या नावाआधी ‘इंटरनॅशनल’ हा शब्द लागला आहे. बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्यांचे अभियंते तिच्या समित्यांमध्ये एका टेबलाभोवती बसू लागले. त्यातून तीन मानके आकाराला आली. ‘जीडीएस’ हे यंत्राच्या आतील नोटवाचक, छपाईयंत्र अशा सुट्या भागांसाठी. ‘जी-टू-एस’ हे यंत्र आणि मध्यवर्ती प्रणाली यांच्यासाठी. आणि ‘एस-टू-एस’ हे एका प्रणालीने दुसरीशी बोलण्यासाठी.

यांपैकी जी-टू-एस सर्वांत महत्त्वाकांक्षी. महाजालावर वापरल्या जाणाऱ्या तंत्रांवरच ते उभारलेले आहे. संदेश एक्सएमएल या मजकूररूप मांडणीत असतात, ते गुप्तलेखनाच्या आवरणातून जातात आणि दोन्ही बाजूंना अंकीय प्रमाणपत्राने आपली ओळख पटवावी लागते. एकच यंत्र एकाच वेळी अनेक प्रणालींशी बोलू शकते. हिशेबाचे काम एका कंपनीच्या प्रणालीकडे, बक्षिसांचे दुसरीकडे आणि देखरेखीचे शासनाकडे, अशी विभागणी त्यात शक्य होते. कोणाला केवळ ऐकण्याचा अधिकार आहे आणि कोणाला आज्ञा देण्याचा, हेही आधीच ठरवून देता येते.

तपासनिसाची नजर

खुल्या भाषेचा लाभ कॅसिनोमालकाला होतो, कारण तो एका पुरवठादाराच्या दावणीला बांधला जात नाही. नव्या, लहान उत्पादकालाही दार उघडते. पण खरा कस लागतो तो नियंत्रकाच्या बाबतीत.

रोनाल्ड हॅरिस हा नेवाडाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डातच संगणकतज्ज्ञ होता. यंत्रांमधील चिप अस्सल आहे की नाही, हे तपासण्याच्या साधनातच त्याने फेरफार केला. परिणामी तपासणी झालेले यंत्र ठरावीक क्रमाने नाणी टाकताच बक्षीस देऊ लागे. १९९५ साली अटलांटिक सिटीत एक लाख डॉलरच्या बक्षिसावर दावा केला गेला तेव्हा संशय बळावला आणि हे प्रकरण बाहेर आले. कुंपणानेच शेत खाल्ले होते.

जी-टू-एसमध्ये यंत्रातील आज्ञावलीचा गणिती ‘ठसा’ मागवण्याची सोय आहे. आज्ञावलीत एका अक्षराचा जरी बदल झाला तरी ठसा बदलतो. मूळ मंजूर आज्ञावलीचा ठसा नियंत्रकाच्या दप्तरी असतो. दोन्ही जुळतात की नाही, हे यंत्र न उघडता पडताळता येते. शिवाय भाषेचे व्याकरण सर्वांना उपलब्ध असल्याने ही पडताळणी एकाच माणसाच्या किंवा एकाच कंपनीच्या हाती राहत नाही.

काही सरकारांनी उत्पादकांची वाट न पाहता भाषाच आपल्या हाती घेतली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने ‘क्यूकॉम’ हे मानक तयार केले आणि त्या राज्यात यंत्र विकायचे तर ते बोलणे बंधनकारक केले. न्यूझीलंडनेही २००७ मध्ये कॅसिनोबाहेरील क्लब व पबमधील यंत्रे एका राष्ट्रीय देखरेख प्रणालीला जोडली. नॉर्वेने तर २००७ साली खासगी यंत्रांवर सरसकट बंदी घातली. पुढे सरकारी कंपनीमार्फत जी यंत्रे आणली, ती वैयक्तिक कार्डाखेरीज चालत नाहीत आणि हरण्याची मर्यादा संपली की थांबतात. जोडलेले यंत्र माणसाला थांबवूही शकते, हा या अनुभवाचा अर्थ आहे.

दुधारी शस्त्र

अर्थात, जे यंत्र दुरून वाचता येते ते दुरून बदलताही येते. मध्यवर्ती संगणकावरून खेळ, डावाची किंमत किंवा परताव्याचे प्रमाण बदलण्याच्या चाचण्या २००६ च्या सुमारास लास व्हेगासमध्ये सुरू झाल्या. खेळणारा समोर बसलेला असतानाच कोणी कळ फिरवली तर? ही भीती ओळखून नेवाडाने अट घातली, की बदलापूर्वी यंत्र चार मिनिटे रिकामे असले पाहिजे आणि बदलानंतरही चार मिनिटे ते बंद ठेवून तशी सूचना पडद्यावर दाखवली पाहिजे. परतावा ७५ टक्क्यांच्या खाली नेण्यास तेथे मुळातच मनाई आहे. मानक फक्त ‘बदल’ ही आज्ञा पोहोचवते; ती केव्हा पाळायची, हे कायद्याने ठरवावे लागते.

जाळ्याची दुसरी जोखीम सप्टेंबर २०२३ मध्ये दिसली. एमजीएम रिसॉर्ट्स या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या कॅसिनोंमधील अनेक यंत्रे बंद पडली. काही ठिकाणी जिंकलेली रक्कम कर्मचाऱ्यांना हाताने चुकती करावी लागली. कंपनीने आपला तोटा सुमारे १० कोटी डॉलर सांगितला. एका धाग्यात ओवलेली यंत्रे एकदमच खाली बसतात, हे त्या दिवसांत सर्वांनी पाहिले.

नवे मानक मंदगतीने पसरण्याचे कारण मात्र जोखमीपेक्षा खर्चात अधिक आहे. कॅनडातील काही प्रांतांनी आपल्या यंत्रणांसाठी जी-टू-एसचा आग्रह धरला. पण अमेरिकेतील बहुसंख्य कॅसिनोंत सॅस अजूनही नांदते आहे. जुनी यंत्रे चालू आहेत, तारा अंथरलेल्या आहेत, हिशेब जुळतो आहे. मग हजारो यंत्रांना नवी भाषा शिकवण्याचा भार उचलायचा कोणी?

गोव्याच्या संदर्भात

हा विषय मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याने मात्र १९७६ च्याच आपल्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट करून दिली. पुढे तरंगते कॅसिनोही आले. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोंवरील वस्तू व सेवा कर खेळणाऱ्याने प्रारंभी भरलेल्या रकमेवर आकारला जातो. जिंकून पुन्हा लावलेल्या पैशांवर नाही. सप्टेंबर २०२५ पासून या कराचा दर ४० टक्के आहे. म्हणजे ‘आत आलेली रक्कम’ आणि ‘लावलेल्या डावांची बेरीज’ हा वर सांगितलेला भेद येथे थेट सरकारी तिजोरीशी जाऊन भिडतो.

जुगार असावा की नसावा, याचा निवाडा कोणतेही तांत्रिक मानक करू शकत नाही. मात्र ज्या समाजाने तो चालू देण्याचे ठरवले आहे, त्याने यंत्राचा आकडा मालकाच्या तोंडून ऐकायचा की स्वतः वाचायचा, हेही ठरवायला हवे. स्वतः वाचायचा असेल, तर यंत्राची भाषा सर्वांना खुली असणे ही त्यासाठीची पहिली अट आहे.