घरकुलाचं काम काढताना: पायात खिळा, डोळ्यात कण



पाऊस उघडला की आपल्या प्रभागात घरकुलांची कामं जोरात सुरू होतात. जोत्यावर थांबलेली घरं भिंतीवर येतात, कुणाचा स्लॅब भरला जातो, कुणाची फरशी बसते. हप्ता कधी जमा होणार, वाळू कुठून आणायची, सिमेंटचा भाव किती, यावर गटाच्या बैठकीत भरपूर बोलणं होतं. कामावर कुणाला काय लागू शकतं यावर मात्र बोलणं निघतं ते कुणी दवाखान्यात पोचल्यावरच. म्हणून या अंकात तेवढाच विषय घेतला आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलात ठेकेदार नेमायचा नसतो, लाभार्थ्याने घर स्वतः बांधून घ्यायचं असतं. योजनेचे साध्या भागात 1 लाख 20 हजार रुपये आणि रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी मिळते. घर बहुतेक ठिकाणी बाईच्या नावावर किंवा नवराबायकोच्या जोडनावावर असतं. म्हणजे कामाची मालकीण तुम्ही. शहरातल्या मोठ्या बिल्डिंगवर इंजिनियर असतो, सुपरवायझर असतो, हेल्मेट घाला म्हणून पाटी लावलेली असते. आपल्याकडे एक मिस्त्री, दोन बिगारी आणि घरची माणसं. त्यात बिगारी म्हणजे बऱ्याचदा आपणच. विटा देणं, माल कालवणं, घमेली उचलणं, सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं, सगळं आपल्याकडे. तिथे "दादा, जरा थांबा, आधी हे उचला" असं म्हणणारं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नसतं.

सगळ्यात जास्त वेळा काय होतं? पायात खिळा जातो. स्लॅबचं सेंट्रिंग उघडलं की फळ्या खाली टाकल्या जातात आणि त्यातले खिळे वर टोक करून पडून राहतात. त्यावर वाळू पडते, गोणपाट पडतं, मग खिळा दिसतही नाही. रबरी चपलेच्या तळातून तो सहज आरपार जातो. कधी कधी चपलेचा बारीक तुकडाही जखमेत आत राहतो आणि मग ती जखम चिघळते.

खिळ्याची जखम वरून अगदी लहान दिसते. रक्तही फार येत नाही. त्यामुळे "काही नाही, रुतला नुसता" म्हणून आपण परत घमेलं उचलतो. पण धनुर्वाताला अशीच जखम हवी असते, खोल आणि अरुंद, आत हवा न पोचणारी. अनेकींना वाटतं की गंजामुळे धनुर्वात होतो. तसं नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. नवा कोरा चकचकीत खिळा मातीत पडून पायात गेला तरी धोका तेवढाच. आपली घरकुलं तर बहुतेक गोठ्याला लागूनच उभी राहतात. जंतू आत गेल्यावर साधारण 3 दिवसांपासून 3 आठवड्यांपर्यंत कधीही त्रास सुरू होऊ शकतो. आधी जबडा आखडतो, दातखीळ बसते, मग अंग धनुष्यासारखं वाकतं. म्हणून चार दिवस काही झालं नाही म्हणजे सुटलो, असं समजू नका.

आता यातली एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. आपल्याला गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं. पूर्वी त्याला टीटी म्हणायचे, आता टीडी म्हणतात. मुलांना लहानपणी आणि मग 10 व 16 व्या वर्षी मिळतं. पण घरातल्या पुरुषांचं काय? चाळिशीच्या मिस्त्रीला शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं असं विचारलं, तर तो हसतो. मी विचारून बघितलंय. तुमच्या मालकांना, सासऱ्यांना, मिस्त्रीला एकदा विचारून बघा. जखम मातीची, घाण असेल आणि शेवटच्या डोसला 5 वर्षं उलटली असतील, तर पुन्हा घ्यावं लागतं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं. आयुष्यात कधीच घेतलं नसेल किंवा आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, कारण मग सोबत आणखी एक वेगळं इंजेक्शन द्यायचं का ते त्यांना ठरवावं लागतं.

दवाखान्यात जाण्याआधी घरी एकच करायचं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम चांगली पाच-दहा मिनिटं धुवायची. बिब्याचा चटका नको, चुना नको, रॉकेल नको, शेण-माती तर नकोच. हळदही नको. आजीचा राग येईल, पण हळदीने जखमेचं तोंड बुजतं आणि आत काय चाललंय ते डॉक्टरांना दिसत नाही. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी तर त्याच दिवशी दाखवावं. त्यांना पायाला दुखल्याचं कळतच नाही आणि बोट काढण्यापर्यंत वेळ येते.

खिळा पायात नुसता रुतला असेल तर आपण तो काढतोच. पण हातातून आरपार गेला असेल, पोटात, छातीत, मानेत किंवा डोळ्यात घुसला असेल, तर अजिबात ओढायचा नाही. घुसलेला खिळा रक्ताची नस दाबून धरत असतो. तो काढला की आतल्या आत रक्त वाहतं. खिळ्याच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ कापडाच्या घड्या लावून तो हलणार नाही असं बांधायचं आणि 108 ला फोन करायचा.

यावर उपाय काही अवघड नाही. मिस्त्रीशी मजुरी ठरवतानाच सांगायचं की सेंट्रिंग उघडलं की फळ्यांचे खिळे त्याच दिवशी काढायचे, निदान ठोकून वाकवायचे, आणि ते झाल्याशिवाय हिशोब पूर्ण होणार नाही. काढलेले खिळे एका डब्यात टाकायचे. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून अंगणातून ओढत नेलं की मातीतले खिळेही गोळा होतात. पोरं हे काम खेळ म्हणून आनंदाने करतात, फक्त त्यांच्या पायात बूट हवेत. आणि आपणही कामावर चप्पल घालायची नाही. जाड तळाचा बूट घालायचा, मुलाचा शाळेचा जुना बूट असला तरी चालेल. साडीवर बूट बघून कुणी हसलं तर हसू द्या.

खिळ्यांवरून आठवलं. हल्ली काही घरांत पीव्हीसीचं सीलिंग बसवायला माणसं येतात, त्यांच्याकडे खिळे मारायची बंदूक असते. अमेरिकेसारख्या देशात लाकडी घरं बांधताना ती सर्रास वापरतात आणि तिच्यामुळे लोकांच्या हातापायात खिळे घुसायचे अपघातही खूप होतात. आपल्याकडे सीलिंगला जी येते तिच्यातल्या काही प्रकारांत खिळ्याच्या मागच्या टोकात थोडी दारू भरलेली असते. न उडालेला असा खिळा खाली पडला आणि पोरांनी दगडाने ठेचला तर काय होईल, विचार करा. काम चालू असताना खोलीत थांबू नका. वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या भिंतीपलीकडे कुणी नाही ना ते बघा. माणसं गेल्यावर पोरांना आत सोडण्याआधी खोली झाडून घ्या.

आता कटर. सळई कापायचा ग्राइंडर असो की फरशी कापायचं मशीन, आपल्याकडे सगळ्याला कटरच म्हणतात. मला विचाराल तर घरकुलाच्या कामावर एवढी धोक्याची दुसरी वस्तू नाही, आणि नेमकी तीच भाड्याने, मोडकी, गार्ड काढलेली येते. 4 इंची मशीनची चकती मिनिटाला सुमारे 11 हजार फेरे घेते. हिशोब केला तर चकतीची कड ताशी 200 किलोमीटरच्या वेगाने फिरते, म्हणजे आपल्या एसटीच्या तिप्पट वेगाने. अशी चकती तुटली तर तिचा तुकडा गोळीसारखा येतो. त्याला अडवण्यासाठी कंपनीने मशीनला लोखंडी गार्ड दिलेला असतो. मिस्त्री तो काढून टाकतो, कारण गार्ड काढला की मोठी चकती बसवता येते आणि काम लवकर उरकतं. पण प्रत्येक चकतीवर ती जास्तीत जास्त किती फेरे सोसते तो आकडा छापलेला असतो. 7 इंची चकतीवर तो साधारण 8,500 असतो. ती 11 हजारांच्या मशीनवर लावली तर ती फुटायचीच वाट बघायची. चकतीवरचा आकडा मशीनवरच्या आकड्यापेक्षा मोठा हवा, एवढं तर आपल्यातली कुठलीही दहावी झालेली मुलगी वाचून सांगू शकते. लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरला लावलेली दिसली तर काम सरळ थांबवा.

तडा गेलेली, पाण्यात भिजलेली, कोपरा उडालेली चकती फेकून द्या. नवी चकती काही हजारांची येत नाही.

कटर चालू असताना आपण शेजारी सळई धरायला बसतो. पदर, ओढणी, मोकळे केस, बांगड्या. ओढणीचं टोक त्या मशीनमध्ये गेलं तर बटण बंद करायलाही वेळ मिळत नाही. सळई माणसाने धरायचीच नाही, दगडांखाली किंवा शिकंज्यात दाबून धरायची. मशीन मिस्त्रीच्या दोन्ही हातांत हवं. आणि ठिणग्या जिकडे उडतात त्या बाजूला कुणी बसायचं नाही, लहान मूल तर नाहीच.

डोळ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याच प्रभागात हे घडलंय. एका ताईंचा मुलगा, वय 19, स्वतःच्या घरकुलाच्या सळया कापत होता. गॉगल नव्हता. लोखंडाचा कण डोळ्यात गेला. शेजारच्या मावशींनी पदराच्या टोकाने काढून बघितला, मग कुणीतरी जिभेने काढणाऱ्या बाईकडे नेलं. रात्री ठणका लागला. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून थेंब आणले. तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा डाग दिसायला लागला तेव्हा तालुक्याला नेलं. कणाची जखम लहान होती, पण चोळल्यामुळे आणि घाण गेल्यामुळे ती पिकली होती. डोळा वाचला, पण त्या डोळ्याने त्याला आता अंधुक दिसतं. घरकुलाचा एक हप्ता उपचारात गेला आणि फरशी वर्षभर राहिली. गॉगल हार्डवेअरच्या दुकानात साधारण शंभर रुपयांच्या आत मिळतो. नेहमीचा चष्मा त्याऐवजी चालत नाही, कारण कण बाजूने आत जातो.

डोळ्यात साधी धूळ किंवा सिमेंट गेलं तर चोळायचं नाही, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचं. ओलं सिमेंट किंवा चुना गेला असेल तर निदान पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडत राहायचं आणि मग लगेच दवाखाना, कारण चुना डोळा जाळतो. पण कटरचा किंवा छन्नीचा उडालेला कण आत रुतला असेल, तर काढायचा प्रयत्नच नको. डोळ्यावर दाब न देता वरून कागदी कप पालथा ठेवून चिकटपट्टीने लावायचा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. मेडिकलमधून परस्पर थेंब आणायचे नाहीत. त्यातल्या काही थेंबांनी लाली जाते, पण आतली जखम वाढत राहते.

विजेचं थोडक्यात सांगते. प्लग नसलेली वायर काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये घालणं आणि तीच वायर पाणी मारलेल्या जागेतून नेणं बंद करायला हवं. जोड असलेली वायर उंचावरून न्या. बोर्डावर एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला शॉक लागला की वीज तोडतो तो आरसीसीबी, त्यावर 30 मिलीअँपिअर लिहिलेलं बघून घ्या. तो घरात पुढेही उपयोगी आहे. आणि घरावरून विजेच्या तारा जात असतील तर लांब सळई उभी करून वर चढवू नका, आडवी द्या.

आता पैशांचं. बांधकामावर काम करणाऱ्या 18 ते 60 वयाच्या माणसाची, बाईचीसुद्धा, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. त्यासाठी मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो. मंडळाची भांड्यांची पेटी गावात सगळ्यांना माहीत आहे. सुरक्षा संचातलं हेल्मेट आणि बूट मात्र माळ्यावर असतात, डबा तेवढा वापरात असतो. तुमच्या मिस्त्रीची नोंदणी आहे का ते विचारा, आणि असेल तर ते बूट काढायला लावा.

दुसरा आपला ओळखीचा विमा, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले तर 2 लाख, एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर 1 लाख. बोट तुटलं तर यातून काही मिळत नाही आणि दवाखान्याचा खर्चही मिळत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. अपघात झाला तर पोलिसातली नोंद आणि दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवा. हप्ता मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कापला जातो, विमा 1 जून ते 31 मे चालतो. खात्यात तेव्हा 20 रुपये नसले तर विमा बंद पडतो. तेव्हा मे महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने स्वतःचं आणि घरच्या माणसांचं पासबुक घेऊन या, कुणाचा हप्ता कापला गेला आणि कुणाचा राहिला ते सीआरपी ताई बसून तपासून देतील.