वेलिंग्टन आणि दख्खनचे बैल

ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हटले की आपल्याला वॉटर्लू आणि नेपोलियन एवढेच आठवते. परंतु १८ जून १८१५ रोजी नेपोलियनला हरविणारा हा सेनानी त्यापूर्वी आठ वर्षे हिंदुस्थानात होता आणि युद्धाचा हिशेब तो कानडी व मराठी मुलुखातच शिकला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ साली आयर्लंडमधील एका सरदार घराण्यात झाला. त्या काळी ब्रिटिश सैन्यात अधिकाराच्या जागा पैसे मोजून विकत मिळत. ही पद्धत १८७१ पर्यंत चालू होती. याच मार्गाने तो चोविसाव्या वर्षी ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. १७९७ मध्ये तो कलकत्त्यास उतरला आणि पुढच्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. वशिला भक्कम होता. पण नुसत्या वशिल्याने लढाई जिंकता येत नाही.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथील कारभार त्याच्याकडे आला. १८०० साली त्याने धोंडिया वाघाचा पाठलाग केला. १० सप्टेंबरला आजच्या रायचूर भागात कोनगल येथे धोंडिया मारला गेला. या धावपळीत वेलस्लीला एक गोष्ट पक्की कळली : दख्खनमध्ये तलवारीआधी दाणावैरण लागते.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. माणशी रोज एक शेर तांदूळ धरला तर दहा हजार माणसांना दिवसाला दहा हजार शेर, म्हणजे २५० मण लागतात. एका बैलाच्या पाठीवर तीन मण लादले तर एका दिवसाच्या शिध्याला ८३ हून अधिक बैल आणि महिन्याला अडीच हजार! बैलांची वैरण वेगळीच. म्हणून वेलस्लीने म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे चपळ बैल आणि धान्याची लदेणी करणारे लमाण यांवर भिस्त ठेवली. नद्यांसाठी कातड्याने मढविलेल्या गोल नावा, ज्यांना कन्नडमध्ये ‘हरिगोलु’ म्हणतात, तयार करवल्या. माल दाम मोजून घेण्यावर त्याचा कटाक्ष होता आणि लूट करणाऱ्यांना तो कडक शिक्षा देई. यात दयेपेक्षा व्यवहार अधिक होता. कारण लुटला गेलेला व्यापारी पुन्हा छावणीच्या बाजारात येत नाही.

१८०३ मध्ये याचे फळ दिसले. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. २३ सप्टेंबरला जालन्याच्या उत्तरेस असई येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांशी गाठ पडली. वाटाडे म्हणाले, कैलना नदीला उतार नाही. पण दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच वेलस्लीने ताडले की, गावकरी ये-जा करीत असणारच. म्हणजे उतार आहे. तो निघालाही! विजय मात्र महाग पडला : त्याच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. नंतर अडगाव व गाविलगड घेऊन डिसेंबरअखेर तह झाले.

१८२८ ते १८३० तो इंग्लंडचा पंतप्रधान होता. १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडणारा कायदा त्याने मंजूर करविला. पण मतदानाच्या सुधारणेला त्याने ठाम विरोध केला. चिडलेल्या जमावाने त्याच्या लंडनच्या घराच्या काचा फोडल्या, तेव्हा त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसविल्या. सैनिकाच्या पोटाची काळजी घेणाऱ्या या सरदाराला सामान्य माणसाच्या मताचा भरवसा मात्र वाटला नाही. १८५२ मध्ये तो वारला.

‘इंग्रजांनी आपल्याला जिंकले’ असे आपण म्हणतो. पण असईच्या मोहिमेत मद्रासचे शिपाई होते, म्हैसूरचे घोडदळ होते, काही मराठे सरदारही इंग्रजांकडे होते आणि आपले जिल्हे ज्याच्या राज्यात होते तो निजामही त्यांचाच दोस्त होता. आपल्या बसवकल्याण-आळंद बाजूच्या तांड्यांवर आज जे लमाणी बांधव राहतात, त्यांच्या समाजाचे बैल या इतिहासाचे ओझे वाहत होते. ड्यूकचे पुतळे विलायतेत उभे आहेत. त्याला धान्य पोहोचविणाऱ्यांची नोंद आपण आपल्या दोन्ही भाषांत करावयास हवी.