अंगणातली सर्कस

कामरगावच्या बाजारात डोंबाऱ्याचा खेळ आला, तेव्हा अडीच वर्षांचा नातू माझ्या कडेवर होता. ढोलकी वाजत होती आणि आठ-नऊ वर्षांची एक पोर हातात बांबू धरून दोरावरून चालत होती. नातवाची पापणी लवली नाही. घरी येताच त्याने गोठ्यातला बैलाचा कासरा ओढत आणला, अंगणात टाकला आणि त्यावर उभा राहिला. "पाय न व आजी!" म्हणजे बघ ना, आजी.

अंगणवाडीत मी सत्तावीस वर्षं काढली. एवढ्याशा लेकराला घरी शिकवायचं काय, असं आया नेहमी विचारायच्या. आता कोणी विचारलं तर मी सांगते, सर्कस करा. तोल सांभाळणं, चढणं, फटीतून घुसणं, फेकणं आणि पुन्हा उचलणं यासाठी या वयात मुलाचं अंग नुसतं शिवशिवत असतं.

कासरा जमिनीवरच ठेवायचा. पहिल्यांदा एक पाय दोरावर आणि एक मातीत पडतो, पडू द्यावा. डोळे, कानाच्या आतला तोल राखणारा भाग आणि तळपाय या तिघांकडून येणाऱ्या खबरा जुळवायला मेंदू शिकत असतो. म्हणून चपला काढायच्या. तळव्याला दोर कळला पाहिजे. आधाराला आपलं एक बोट पुढे करावं, मनगट धरू नये. बोट मूल आपणहून सोडतं. एका पायावर क्षणभर उभं राहणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, त्याची घाई करू नका.

सायकलचं जुनं टायर स्वच्छ धुऊन उभं धरलं की सिंहाची रिंग तयार होते. त्यातून रांगत जाताना 'आत', 'बाहेर', 'खालून' हे शब्द अंगात भिनतात. झेलाझेलीला चेंडू नको, तो फार लवकर खाली येतो. जुन्या लुगड्याचे हातरुमालाएवढे तुकडे उडवा. ते तरंगत उतरतात, नजरेला आणि हाताला सवड मिळते. तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल आमच्याकडे वर्षभर माळ्यावर पडून असे, तो आता रोज आमच्या सर्कशीच्या मिरवणुकीत असतो. फुगे आणि फुटाणे मात्र मी या खेळात येऊ देत नाही. फुटक्या फुग्याचा तुकडा किंवा फुटाणा श्वासनळीत अडकायला क्षणही लागत नाही.

जोकर हा नाजूक मामला आहे. मोठ्यांना तो हसवतो, पण रंगवलेल्या तोंडामागचं माणूस कोणतं, हे या वयात उमगत नाही आणि मूल घाबरून रडतं. मी आरशासमोर बसले आणि नातवाच्या देखत आधी माझ्याच नाकाला ओल्या हळदीचा ठिपका लावला. मग त्याने माझे गाल रंगवले, पुसले, खाली आजीच आहे याची खात्री करून घेतली. चार दिवसांनी स्वतःचं नाक पुढे केलं.

विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, म्हणजे या खेळाची भारतातली सुरुवात मराठी माणसाची. मी लहानपणी तंबूत वाघ पाहिला, त्याच्यासमोर कडाडणारा चाबूकही पाहिला. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांचे खेळ सरकारने १९९८ मध्ये बंद केले, सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती बंदी कायम ठेवली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सर्कशीत मुलांना राबवायलाही मनाई करायला सांगितलं. दोरावरची ती पोर एकदाही हसली नव्हती, हे मला घरी आल्यावर आठवलं.

घरच्या सर्कशीतही चाबूक शिरतो. पाहुणे आले की आपण म्हणतो, "चल, दोरावर चालून दाखव." मूल आईच्या पदराआड जातं आणि आपण त्याला लाजाळू ठरवतो. त्याचा खेळ आपण तमाशा करून टाकलेला असतो. आमच्या अंगणात रिंगमास्तर नातूच. "आजी, तू हत्ती हो न व," म्हणाला की मी एक हात नाकापाशी नेऊन सोंड हलवते, आजोबा बेडूक होतात. "झालं," म्हणाला की सर्कस संपली, मग ती पाच मिनिटांत का संपेना.

तिकिटं पळसाच्या पानांची. तो एकेक वाटतो: एक मला, एक आजोबांना, एक दावणीच्या बकरीला. त्याला आकडे येत नाहीत, पण कोणाला मिळालं आणि कोण राहिलं हे चोख कळतं. मोजणीचा पाया हाच. काल बकरीने तिकीट खाऊन टाकलं. तो तिच्या रिकाम्या तोंडाकडे पाहत राहिला, मग "बकरीचं नाही" म्हणत दुसरं पान आणायला पळाला.